वाहतूक-प्रकल्पांची परिभाषा आणि थांब्यावरचा उतारू

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघालेली ट्राम ही मुंबईतील अखेरची ट्राम ठरली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामने सुरू झालेला आणि ७ मे १९०७ पासून विजेवर चालू लागलेला हा व्यवहार त्या रात्री संपला. तथापि ‘दादर टी. टी.’ आणि ‘परळ टी. टी.’ ही नावे आजही कंडक्टरच्या आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी आहेत. त्यांतील ‘टी. टी.’ म्हणजे ‘ट्राम टर्मिनस’ हे सांगणारा उतारू आता क्वचित भेटतो. वस्तू गेली, नावाचा मूळ अर्थही बहुतेकांच्या विस्मरणात गेला. नाव मात्र स्थळवाचक होऊन टिकले. अर्थपरिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही.

अलीकडच्या बस व सायकल प्रकल्पांत मात्र याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे नाव आधी येते आणि वस्तू मागाहून येते. कित्येकदा ती येतच नाही. ‘सायकल मार्गिका’, ‘समर्पित बस मार्गिका’, ‘जलद बस वाहतूक’, ‘अयांत्रिक वाहतूक’ असे शब्द अहवालांतून, निविदांतून व वृत्तपत्रांतून आपल्यापुढे येतात. हे शब्द कोणत्या वस्तूंचे वाचक आहेत आणि त्यांची मराठी रूपे ती वस्तू कितपत दाखवितात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे गिरगाव ते दादर या पट्ट्यातील घेतली आहेत. प्रसंगी पुणे व अहमदाबाद येथील अनुभवांचाही आधार घेतला आहे.

१. आधी वस्तू की आधी शब्द

ट्राम, सायकल आणि बस या तिन्ही वस्तू मुंबईत प्रत्यक्ष अवतरल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी परिभाषासमिती नेमली नव्हती. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. लोकांनी वस्तू पाहिली, नाव कानांनी उचलले आणि ते मराठीच्या व्याकरणात बसविले. ‘ट्राम’, ‘बस’, ‘सायकल’, ‘मोटार’ हे सारे शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाले, ते ‘गाडी’ या शब्दाच्या ओढीने. ‘ट्रक’, ‘टेम्पो’ असे अपवाद आहेत, परंतु ओढीची दिशा स्पष्ट आहे. अशा शब्दांच्या अर्थाविषयी वाद संभवत नाही, कारण वस्तू समोर उभी असते.

प्रकल्पातील संज्ञेची गोष्ट निराळी आहे. ती ज्या वेळी उच्चारली जाते त्या वेळी रस्त्यावर काहीच नसते. म्हणून ती वर्णन करीत नाही, वचन देते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास योजनेचा आराखडा प्रसिद्ध करून त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईची २०३४ सालापर्यंतची विकास योजना या मार्गानेच जाऊन २०१८ मध्ये मंजूर झाली. हरकत घेणाऱ्या नागरिकाजवळ त्या वेळी शब्दांखेरीज दुसरे साधन नसते. दोन भिन्न वस्तूंना शासकीय मराठीत एकच शब्द असेल, तर त्यांपैकी कोणती मिळणार हे त्याला विचारताही येत नाही. परिभाषेचा प्रश्न येथे केवळ शैलीचा उरत नाही.

यास्तव प्रत्येक संज्ञेला तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. ती वस्तू कोणासाठी आहे? तिचे रक्षण कशाने होते? आणि थांब्यावर उभा असलेला माणूस ती वस्तू बोटाने दाखवू शकेल काय?

२. रस्ता

सर्वांत साध्या शब्दापासून आरंभ करू. मराठीत ‘रस्ता’ या शब्दाने दोन वस्तूंचा बोध होतो. एका अर्थी समोरासमोरच्या इमारतींच्या हद्दींमधली सारी सार्वजनिक जागा म्हणजे रस्ता. त्यात पदपथ, झाडे, गटारे, बसथांबे हे सर्व आले. दुसऱ्या अर्थी वाहने धावतात तेवढा मधला डांबरी भाग म्हणजे रस्ता. अभियंते या दोहोंना भिन्न संज्ञा वापरतात. मराठी बोलण्यात मात्र भेद पुसला जातो.

याचा परिणाम ‘रस्ता रुंदीकरण’ या संज्ञेत पाहावा. पदपथ दोन्ही बाजूंनी एकेक मीटर छाटला तर इमारतींमधले अंतर तिळभरही वाढत नाही. तरीही आपण ‘रस्ता रुंद झाला’ असेच म्हणतो. चालणाऱ्याची जागा गेली ही घटना या वाक्यात कोठेच उमटत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. गिरगावातील जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर वा लालबागच्या बाजारात हे माप धरून चालून पाहावे, म्हणजे ‘मोकळी’ या विशेषणाचे महत्त्व ध्यानात येईल. पूर्ण जागेसाठी ‘रस्ता’ आणि मधल्या भागासाठी ‘वाहनपट्टा’ असे दोन शब्द कटाक्षाने वापरले, तर ‘वाहनपट्टा रुंद झाला, पदपथ अरुंद झाला’ असे सरळ वाक्य लिहिता येते.

३. मार्गिका

‘मार्गिका’ हा शब्द बनावटीने निर्दोष आहे. पुस्तक–पुस्तिका, नाटक–नाटिका याप्रमाणे ‘मार्ग’ या शब्दाला ‘-इका’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. मोठ्या मार्गाचा लहान भाग हा त्याचा स्वाभाविक अर्थ. ‘लेन’ या इंग्रजी शब्दासाठी तो योजला गेला तेथपर्यंत सर्व ठीक होते. पुढे रेल्वे व मेट्रोच्या ‘लाइन’साठीही तोच वापरात आला. ९ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीने प्रवाशांना खुली झालेली, गिरगाव आणि दादरच्या पोटातून जाणारी भुयारी मेट्रो ही ‘मार्गिका ३’ होय. साडेतेहतीस किलोमीटर लांबीच्या या वाटेला लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेला पाहून वैयाकरणास गंमत वाटेल. प्रवाशास मात्र वर रस्त्यावर बसची मार्गिका आणि खाली मेट्रोची मार्गिका असा एकाच शब्दाचा दुमजली प्रयोग सोसावा लागतो.

खरी अडचण सायकलींच्या बाबतीत येते. रस्ता-अभियांत्रिकीत सायकलींसाठी दोन भिन्न सोयी मानल्या जातात. पहिलीत वाहनपट्ट्याच्याच कडेला रंगाने रेघ ओढून सायकलींची जागा दाखविलेली असते. मोटारीचे चाक त्या रेघेवरून सहज जाते. दुसरीत दगडी कड, उंचवटा, झाडांची रांग अथवा खांब यांनी ती जागा वाहनपट्ट्यापासून प्रत्यक्ष तोडलेली असते. पहाटे डेअरीवरून दुधाच्या पिशव्या लादून निघालेल्या, किंवा दादर स्थानकाबाहेर डबे जुळवून परळच्या कचेऱ्यांकडे वळलेल्या सायकलस्वाराच्या दृष्टीने या दोहोंत जीविताइतका फरक आहे. मराठीत दोहोंनाही ‘सायकल मार्गिका’ किंवा ‘सायकल मार्ग’ म्हणतात, आणि हे दोन शब्द एकमेकांऐवजी योजले जातात. अशा घोषणेवरून रंगाचा डबा मिळणार की दगडाची कड, हे कळत नाही.

येथे नवा संस्कृत शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. ‘पट्टा’ हा शब्द रंगविलेल्या रेघेच्या अर्थाने मुंबईकरांच्या परिचयाचा आहे; रस्ता ओलांडण्याच्या जागेला ते ‘पांढरे पट्टे’ म्हणतात. तेव्हा रंगाने दाखविलेली जागा ती ‘सायकलपट्टा’. तोडलेल्या जागेसाठी ‘वाट’ हा शब्द घ्यावा. संस्कृत ‘वर्त्मन्’ पासून प्राकृतातून आलेला हा अस्सल मराठी शब्द ‘पायवाट’, ‘आडवाट’ अशा समासांत सहज वावरतो. पायवाटेवर गाडी येत नाही, ही जाणीव मराठी भाषकाला उपजत असते. ‘सायकलवाट’ या शब्दात ती आपोआप उतरते.

४. समर्पित आणि राखीव

एखादी मार्गिका केवळ बससाठी असेल तर तिला ‘समर्पित’ म्हणण्याचा प्रघात हिंदीच्या वाटेने मराठीत आला आहे. मराठीत समर्पण देवाला, गुरूला वा वाचकाला होते. अर्पण करणाऱ्याच्या भावनेवर त्या शब्दाचा भर आहे. घेणाऱ्याचा हक्क त्यातून सूचित होत नाही.

याउलट ‘राखीव’ हा शब्द बसमध्येच आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेला असतो. स्त्रियांसाठी, ज्येष्ठ नागरिकांसाठी, अपंगांसाठी राखीव असलेल्या आसनाचा अर्थ प्रत्येक उतारूस ठाऊक आहे: दुसरा कोणी तेथे बसला असेल तर त्याला उठावयास सांगता येते आणि वाहकाने त्यात लक्ष घालावे अशी अपेक्षा असते. म्हणजे ‘राखीव’ या शब्दात कोणासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर हे दोन्ही प्रश्न अध्याहृत आहेत. ‘राखीव बसपट्टा’ म्हटले की लागलीच विचारता येते, कोणत्या वेळात राखीव? आत शिरलेल्या मोटारीला बाहेर काढणार कोण? ‘समर्पित’ हा शब्द असे प्रश्न सुचवीत नाही.

५. जलद

‘जलद बस वाहतूक’ ही ‘बस रॅपिड ट्रान्झिट’ या संज्ञेची मराठी छाया. कोशाच्या दृष्टीने तीत दोष नाही. परंतु मुंबईच्या बोलीत ‘जलद’ या शब्दाला रेल्वेने एक विशेष अर्थ चिकटविला आहे. जलद लोकल म्हणजे अधिक वेगाची गाडी असे कोणी समजत नाही. जलद म्हणजे मधल्या स्थानकांवर न थांबणारी. करी रोड आणि चिंचपोकळी येथील रहिवाशांना हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण जलद गाडी त्यांच्यासमोरून न थांबता निघून जाते. बसमध्ये याच अर्थी ‘मर्यादित’ हा शब्द रूढ झाला: थांबे मर्यादित, म्हणून बस मर्यादित. परळच्या थांब्यावर एका वृद्ध बाईंना मी अशा योजनेची माहिती सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारले, “जलद ना? मग आमच्याकडे कशाला थांबेल ती?” त्यांचा तर्क भाषिक दृष्ट्या अचूक होता. चूक संज्ञेची होती.

वस्तुतः या पद्धतीचा वेग थांबे गाळून येत नाही. तो चार गोष्टींतून येतो: इतर वाहनांपासून तोडलेला मार्ग, बसच्या तळाच्या उंचीचा फलाट, बसमध्ये चढण्यापूर्वीच काढलेले तिकीट, आणि थोड्याथोड्या वेळाने येणारी बस. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात १९७४ पासून तिचा विकास झाला. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर तिचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा ‘बीआरटी’ हे आद्याक्षरी नावच रूढ झाले. ‘बीआरटीतून गाडी घातली’ असे पुणेकर म्हणू लागले. अवयवीचे नाव अवयवाला लागले. चार अंगांची व्यवस्था लोकभाषेत एका मार्गिकेपुरती उरली. पुण्यातील प्रयोगाच्या पहिल्या वर्षांत मार्गिकाच अधिक ठळकपणे दृष्टीस पडत होती, हे ध्यानात घेता लोकभाषेने येथेही वस्तुस्थितीच नोंदविली असे म्हणावयास हरकत नाही. अहमदाबादने २००९ मध्ये आपल्या व्यवस्थेला ‘जनमार्ग’ हे नाव दिले. त्यात तांत्रिक तपशील नाही. पण कोणासाठी या प्रश्नाचे उत्तर आहे.

लोकांची स्वतःची परिभाषा किती काटेकोर असते याचे उदाहरण लालबागला मिळते. तेथील उड्डाणपूल २०११ मध्ये खुला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर बसची वाट पाहणारा उतारू तेव्हापासून विचारतो, “वरून जाणार की खालून?” वरून म्हणजे पुलावरून, अर्थात लालबागचे थांबे गाळून, खालून म्हणजे थांबत थांबत. दोन क्रियाविशेषणांत सारा मार्गनकाशा आला. या प्रश्नाचे उत्तर कंडक्टरला चुकविता येत नाही.

६. थांबा आणि वारंवारिता

वेढणे–वेढा, झरणे–झरा याप्रमाणे ‘थांबणे’पासून ‘थांबा’ हे नाम सिद्ध होते. तेच रूप आज्ञार्थीही आहे. खांबावर लिहिलेली ही आज्ञा बसला उद्देशून आहे की उतारूला, असा प्रश्न अर्धा तास उभे राहिल्यावर पडतो. हा विनोद सोडला तरी उतारू किती थांबतो हे मोजण्याची संज्ञा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अहवालांत ‘वारंवारिता’ असा शब्द असतो. तो पदार्थविज्ञानातून आला असून एका तासात किती बस सुटतात हे सांगतो. उतारूला हवी असते दोन बसमधल्या वेळाची माहिती. दोन्ही एकच आहेत असे वाटते, पण तसे नाही. समजा, तासाला सहा बस आहेत. त्या बरोबर दहा-दहा मिनिटांनी आल्या तर सहज थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरीने पाच मिनिटे थांबावे लागेल. आता त्याच सहा बस वाहनांच्या गर्दीत अडकून आलटून पालटून दोन आणि अठरा मिनिटांच्या अंतराने आल्या असे धरू. दर वीस मिनिटांपैकी अठरा मिनिटे लांब खंडाची आहेत. त्यामुळे दहांतील नऊ उतारू त्या खंडात सापडून सरासरी नऊ मिनिटे थांबतात, उरलेला एक सरासरी एक मिनिट थांबतो. एकूण सरासरी ८.२ मिनिटे होते. वारंवारिता पूर्वीइतकीच, तासाला सहा. प्रतीक्षा मात्र दीडपटीहून अधिक. अहवाल खोटे बोलत नाही आणि उतारूची तक्रारही खोटी नसते. दोघे भिन्न राशींविषयी बोलत असतात. म्हणून वारंवारितेच्या जोडीला ‘दोन बसमधला जास्तीत जास्त वेळ’ सांगावयास हवा. मराठीत यासाठी ‘खोळंबा’ हा समर्थ शब्द आहेच. तो तक्रारीच्या भाषेतून मापनाच्या भाषेत आणावा इतकेच.

७. दुचाकी आणि ‘अयांत्रिक’

‘दुचाकी’ हा शब्द एके काळी सायकलीचा वाचक होता; ‘पायगाडी’ हाही पर्याय सुचविला गेला होता. आज वृत्तपत्रातील ‘दुचाकीस्वार’ हा स्कूटर किंवा मोटारसायकलवरचा असतो. नवे वाहन आले आणि त्याने जुन्या वाहनाचे नाव आपलेसे केले. अर्थसंक्रमणाचा हा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे. व्यवहारात त्याचा परिणाम असा की ‘दुचाकींसाठी जागा’ या शब्दांनी सायकलीला काही मिळत नाही. मिळाले ते स्कूटरला मिळते.

चालणे, सायकल, हातगाडी यांना एकत्रितपणे ‘अयांत्रिक वाहतूक’ म्हणतात. ही संज्ञा चुकीची आहे. दाते, साखळी आणि चाक असलेली सायकल यंत्र नसेल तर यंत्र म्हणावे कशाला? तिच्यात नसते ते इंजिन वा मोटार. ‘मोटारविरहित’ म्हटल्याने अर्थ शुद्ध होतो. मात्र नकारार्थी नावातच एक गृहीत दडलेले असते: मोटार हा नियम आणि पाय हा अपवाद. मुंबईच्या रस्त्यांवर चालणाऱ्यांची गर्दी पाहता हे गृहीत उलटे आहे. ‘चालणे व सायकल’ असे दोन शब्द लिहिले तर कोणत्याही संज्ञेचे अडणार नाही.

८. एकक कोणाचे?

शेवटी एका समासाचा विग्रह पाहू. रस्त्यावरील वाहतूक मोजताना सर्व वाहने एका मापात आणण्यासाठी ‘पॅसेंजर कार युनिट’ वापरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या कोष्टकांत बस साधारणतः तीन मोटारींइतकी आणि सायकल सुमारे अर्ध्या मोटारीइतकी धरली जाते. याचे मराठी ‘प्रवासी एकक’ असे संक्षिप्त केले तर अर्थाचा विपर्यास होतो. येथे ‘प्रवासी’ हे ‘मोटार’चे विशेषण आहे, एकक मोटारीचे आहे. ‘प्रवासी-मोटारीचे एकक’ हा विग्रह. साठ उतारू असलेली बस आणि एकेक माणूस असलेल्या तीन मोटारी या मापात समान ठरतात. माणसांची संख्या त्यात कोठेही येत नाही.

माणसे मोजली तर चित्र पालटते. अमेरिकेतील नगर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत सुमारे तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला किती माणसे जाऊ शकतात याचे अंदाज दिले आहेत: खासगी मोटारींतून ६०० ते १,६००, राखीव बसपट्ट्यातून ४,००० ते ८,०००, पदपथावरून ८,००० ते ९,०००. परदेशी रस्त्यांचे हे आकडे मुंबईला जसेच्या तसे लागू करू नयेत. परंतु ‘क्षमता’ हा शब्द वाचताच ‘कशाची, वाहनांची की माणसांची?’ असे विचारण्याची सवय त्यांनी लागावी.

समारोप

सरकारी मराठीचा प्रश्न नवा नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९६० नंतरच्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत त्याची परंपरा आहे, आणि ‘महापौर’सारखे घडविलेले शब्द पूर्णपणे रुळलेही आहेत. तेव्हा संस्कृत शब्द नकोत किंवा इंग्रजी शब्द नकोत असा पक्ष येथे मांडावयाचा नाही. ‘आगार’, ‘पदपथ’, ‘उड्डाणपूल’ हे शब्द चालतात, कारण ते एकाच वस्तूकडे बोट दाखवितात. ‘तिकीट’ आणि ‘फलाट’ हेही त्याच कारणाने चालतात. जी संज्ञा दोन वस्तूंमधला भेद पुसते ती, मग तिचे कुळ कोणतेही असो, उतारूच्या हातातले साधन काढून घेते.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. बसचौकीवरील कर्मचारी, कंडक्टर, सायकल दुरुस्त करणारे, डबेवाले, पाववाले यांच्या तोंडचे रस्त्याविषयीचे शब्द अद्याप पद्धतशीरपणे टिपून ठेवावयाचे आहेत. लालबागच्या थांब्यापासून आरंभ करावा. वही उघडून उभे राहावे आणि बस येईपर्यंत लोक काय विचारतात ते लिहून घ्यावे. तेवढा वेळ तेथे बहुधा मिळतो.